करमणूक कोणासाठी?

इ. स. १८४३ हे वर्ष करमणुकीच्या इतिहासात ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी १५ ऑगस्ट रोजी डेन्मार्क देशाची राजधानी कोपनहेगन येथे 'तिवोली' नावाचे एक उद्यान लोकांसाठी खुले झाले. वाद्यवृंद, फुलबागा, उपाहारगृहे, गोल फिरणारे लाकडी घोडे आणि उंचसखल रुळांवरून धावणारी एक छोटी गाडी असा सारा थाट तेथे होता. हे उद्यान काढणाऱ्या जॉर्ज कार्स्टेन्सेनने परवानगी मिळवताना राजाला मोठी मार्मिक गोष्ट सांगितली, असे म्हणतात : लोक करमणुकीत रमले, की ते राजकारणाचा विचार करत नाहीत! राजाने परवानगी दिली, यात नवल नाही.

त्याच वर्षी, ५ नोव्हेंबर रोजी, कृष्णाकाठच्या सांगली संस्थानात विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक सादर केले. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी पाहिले होते. तसे काही मराठीत करावे, अशी त्यांची इच्छा होती आणि ती भाव्यांनी पुरी केली. मराठी रंगभूमी दिन आजही ५ नोव्हेंबरलाच साजरा होतो. कोपनहेगन आणि सांगली यांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती. तरी दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न उभा राहिला. आपल्याकडे येणार कोण? राजा, प्रजा, वडीलधारी माणसे, की मुले?

भाव्यांच्या नाटकात सूत्रधार पदे म्हणे, विदूषक हसवी आणि पात्रे आपली भाषणे बहुधा ऐनवेळी रचून बोलत. राक्षस रंगमंचावर आले, की आरोळ्या आणि उड्या यांनी सारे दणाणून जाई. पुढे शिकलेल्या मंडळींनी या राक्षसांची थट्टा केली. पण त्या आरोळ्यांनी किती पोरांच्या छातीत गोड धडकी भरली असेल, याचा हिशेब त्या टीकाकारांनी ठेवला नाही. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि दरबाराचा आश्रय सुटला. भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ साली त्यांनी मुंबईत तिकिटे लावून खेळ केले. आता एकाच रसिक राजाला प्रसन्न करून भागणारे नव्हते. तिकीट काढून आलेला प्रत्येक माणूस एका रात्रीपुरता राजाच होता, आणि प्रत्येक राजाची आवड निराळी!

सांगलीच्याच परिसरात या प्रश्नाला दुसरे उत्तर मिळाले, ते सर्कशीच्या रूपाने. अंकलखोप हे कृष्णाकाठचे गाव. तेथील विष्णुपंत छत्रे हे घोड्यांचे निष्णात शिक्षक होते आणि कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी काम करत. मुंबईस आलेली किआरिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस त्यांनी पाहिली. असली सर्कस उभारायला हिंदी लोकांना अजून पुष्कळ अवकाश आहे, असे किआरिनी म्हणाला आणि ते बोल विष्णुपंतांच्या मनाला झोंबले, अशी कथा सांगतात. कथा कशीही असो, १८८० साली विष्णुपंतांची 'ग्रेट इंडियन सर्कस' उभी राहिली, ही गोष्ट खरी.

सर्कशीचे रिंगण साधारण बेचाळीस फूट व्यासाचे असते. हे माप उगीच ठरलेले नाही. एवढ्या वर्तुळात घोडा एका लयीत धावू लागला, की तो किंचित आत झुकतो आणि त्याच्या पाठीवर उभ्या राहिलेल्या स्वाराला तोल सांभाळणे सोपे जाते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये फिलिप अ‍ॅस्टली नावाच्या घोडेस्वाराने हे माप रूढ केले. रिंगण गोल असल्याने प्रेक्षक चहूकडून बसू शकतात. शिवाय सर्कशीला भाषा लागत नाही. नाटकातले पद कळण्यासाठी मराठी यावे लागते, पुराणकथा ठाऊक असाव्या लागतात. झुल्यावरून सुटलेला माणूस दुसऱ्याचे हात पकडतो की नाही, हे पाहण्यासाठी केवळ डोळे पुरतात. त्यामुळे पाच वर्षांचे पोर आणि त्याची आजी एकाच बाकावर बसून एकाच क्षणी श्वास रोखत. म्हैसाळचे देवल, तासगावचे परशुराम माळी अशा मंडळींनी पुढे आपापल्या सर्कशी काढल्या, आणि सांगलीकडील तंबू दूरदूरच्या मुलुखांत उभे राहू लागले.

विष्णुपंत स्वतः मात्र गाण्याचे मोठे षोकी. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ यांना त्यांनी आपल्या आश्रयाला ठेवले होते, आणि सर्कशीबरोबर हा थोर गवई गावोगाव फिरत असे. घोड्यांच्या टापा ऐकायला येणारा प्रेक्षक वेगळा आणि खाँसाहेबांची तान ऐकायला येणारा श्रोता वेगळा, हे विष्णुपंत पुरते ओळखून होते.

वडील मंडळी आणि मुले यांची करमणूक एकत्र व्हावी, हा विचार अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांनाही सुचला. त्यांच्या लहान मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि ते स्वतः बाकावर बसून वाट पाहत. येथे बापाला करण्यासारखे काहीच कसे नाही, असे त्यांच्या मनात आले. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात 'डिस्नेलँड' उघडले, त्याच्या मुळाशी हा बाक होता. परंतु लवकरच प्रतिस्पर्धी निर्माण झाले. १९७१ साली त्याच प्रांतात 'मॅजिक माउंटन' निघाले. त्याने पुढे उंचच उंच, उलटेपालटे होणाऱ्या गाड्यांचा नाद धरला आणि तरुणांना आपलेसे केले. १९९९ साली तेथे 'लेगोलँड' आले. ते खेळण्यांच्या ठोकळ्यांवर आधारलेले आणि मुख्यतः बारा वर्षांच्या आतील मुलांसाठी. एक कुटुंबाला बोलावतो, दुसरा धाडसी तरुणाला, तिसरा चिमुकल्यांना. तिघांनीही एकच गिऱ्हाईक ओढायचे ठरवले असते, तर तिघेही पस्तावले असते.

महाराष्ट्रात १९८९ साली मुंबईजवळ गोराई येथे 'एस्सेलवर्ल्ड' आणि २०१३ साली खोपोलीनजीक 'इमॅजिका' सुरू झाले. अशा उद्यानांत वेगवान गाडीच्या दाराशी उंची मोजण्याची खूण असते. तीहून बुटक्या मुलाला आत सोडत नाहीत. हा अपमान नव्हे. गाडीतील अडसराची दांडी ठरावीक आकाराच्या शरीराला घट्ट बसेल अशी केलेली असते. लहान शरीर तिच्याखालून निसटू शकते. तथापि सहलीला आलेल्या वर्गातील चाळीस मुले आत गेली आणि दोघे खुणेपाशी अडकले, तर त्या दोघांना दांडीचे शास्त्र सांगून समाधान होत नाही. त्यांच्यासाठी जवळच दुसरा एखादा चांगला खेळ हवा. चांगले उद्यान आणि नुसते मोठे उद्यान यांतील फरक बहुधा येथेच दिसतो.

तिकडे तंबूचे दिवस पालटले. १९९८ साली सरकारने वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या खेळांवर बंदी घातली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मुक्या प्राण्यांच्या दृष्टीने हे योग्यच झाले. मात्र सिंह पाहायला येणारी मुले हाच सर्कशीचा मोठा आधार होता. तो गेल्यावर कसरतपटू आणि विदूषक यांच्या बळावर तंबू भरणे फार अवघड झाले.

या साऱ्या धामधुमीत सातारा जिल्ह्यातील जत्रा मात्र टिकून आहेत. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा पाहावी. एकीकडे जनावरांचा बाजार : तेथे शेतकरी खोंडाचे दात पाहून वय ठरवतो आणि त्याचा मुलगा शेजारी उभा राहून ते शिकतो. दुसरीकडे कुस्तीचा फड. पलीकडे बांगड्या, भांडी आणि मिठाई यांची दुकाने. सातारा-सांगलीकडच्या जत्रांतून रात्री तमाशाचे तंबू जवळजवळ लागतात, आणि दोन फडांची चुरस ढोलकीच्या आवाजावरूनच कळते. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी अशाच तंबूंतून वर्षानुवर्षे लोकांना पोट धरून हसवले. 'तुमचा विभाग हा' अशी पाटी जत्रेत कोठे नसते. तरी ज्याचे पाय जेथे वळायचे तेथे बरोबर वळतात.

आणि मध्यभागी असतो उंच पाळणा. त्याच्या एकेका डब्यात कोण बसावे, याला नियम फारसे नसतात. म्हणूनच त्याच्या खिळ्यांची व सांध्यांची तपासणी नीट झाली आहे ना, हे तिकीट काढण्यापूर्वी मोठ्या माणसाने विचारावे. मग पाळणा वर जातो. खाली बैलबाजार, फड, तंबू सारे लहान होत जाते. आजी डोळे मिटून घेते, नातू ओरडतो, आणि दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरलेला असतो.

स्वाध्याय

१. दरबाराचा आश्रय सुटल्यावर विष्णुदास भावे यांच्या प्रेक्षकवर्गात कोणता फरक पडला?
२. सर्कशीचे रिंगण गोल आणि ठरावीक मापाचे का असते?
३. तुमच्या गावच्या जत्रेत कोणत्या वयाची माणसे कोठे गर्दी करतात, ते पाहून दहा ओळी लिहा. ज्यांच्यासाठी काहीच नाही असे कोणी आढळले, तर त्यांच्याविषयीही लिहा.