चेंजओव्हर स्विच : रुग्णालयाचा एक उपेक्षित अवयव

मी प्रसूतितज्ज्ञ आहे, विद्युत अभियंता नव्हे. तरीही या विषयावर चार शब्द लिहिण्यास एका रात्रीने मला भाग पाडले. माझ्या नर्सिंग होममध्ये सिझेरियन चालू असताना वीज गेली. जनरेटर लगेच सुरू झाला, परंतु चेंजओव्हर स्विचची मूठ मेनवरून हलेना. बॅटरीच्या उजेडात शस्त्रक्रिया पुरी केली. माता व बालक सुखरूप राहिले, माझी झोप मात्र उडाली.

सकाळी वायरमनने स्विच उघडला तेव्हा उलगडा झाला. आठ दिवसांपूर्वी पंपाच्या केबलमध्ये शॉर्टसर्किट झाले होते. आम्ही केबल व फ्यूज बदलून निश्चिंत झालो होतो. त्या क्षणी स्विचचे कॉन्टॅक्ट वितळून मेनच्या बाजूस चिकटले होते. मेनची वीज सुरळीत मिळत असल्याने ते कोणाच्या ध्यानी आले नाही.

या प्रवाहाची कल्पना असावी. ५०० केव्हीए, ४३३ व्होल्टच्या रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे ६७० अँपिअर असतो. त्याचा इम्पीडन्स ५ टक्के धरल्यास लगतच्या शॉर्टसर्किटमध्ये तो वीसपट, म्हणजे १३ हजार अँपिअरवर जातो. केबल लांब असेल तसा तो घटतो. प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारे विद्युत्चुंबकीय बल कॉन्टॅक्ट क्षणभर विलग करते, ठिणगीने धातू वितळतो आणि पुन्हा टेकताच सांधला जातो.

म्हणूनच आयईसी ६०९४७-६-१ हे आंतरराष्ट्रीय व यूएल १००८ हे अमेरिकन मानक अशा स्विचची शॉर्टसर्किट चाचणी सांगते. बंद स्थितीत तो दोषप्रवाह सोसतो काय आणि दोषावरच बंद केला तर टिकतो काय, हे त्यात पाहतात. आयईसीनुसार ‘पीसी’ वर्गाचा स्विच दोषप्रवाह सोसतो, तोडत नाही. तोडण्याचे काम आधीच्या ब्रेकरचे वा फ्यूजचे. ‘सीबी’ वर्गाचा स्विच स्वतः तोडतो. विश्रांतीतील ईसीजी निर्दोष असला तरी ट्रेडमिलवर हृदयाची खरी परीक्षा होते, तसेच हे आहे. अशा चाचण्यांसाठी आपल्या बडोद्यातच १९७४ साली स्थापन झालेली ‘एर्डा’ ही संस्था आहे.

खरेदी करताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत. याच मॉडेलचा चाचणी अहवाल आहे काय? सोसण्याची क्षमता आपल्या जागेच्या दोषप्रवाहाहून अधिक आहे काय? ती कोणत्या ब्रेकरसह वा फ्यूजसह दिली आहे? चाचणी नमुन्यावर होते, आपल्या भिंतीवरील स्विचवर नव्हे. म्हणून शॉर्टसर्किटनंतर तो तपासून घ्यावा आणि दरमहा, शस्त्रक्रिया नसताना, एकदा भार जनरेटरवर नेऊन पाहावा.

मूठ हलत नसेल तर जनरेटरची तार परस्पर जोडण्याचा मोह कदापि धरू नये. उलट गेलेली वीज खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेऊ शकते. आपल्या रुग्णाइतकाच त्याचाही प्राण मोलाचा आहे.