उंच आकाशातील उडी आणि विरळ हवा

कापडी पंखांचा पोशाख घालून विमानातून झेपावणारी माणसे आमच्या वसतिशाळेतील मुलांना आता चित्रफितींमुळे चांगलीच परिचित झाली आहेत. बारामतीच्या विमानतळावरून उडणारी प्रशिक्षणाची विमाने डोक्यावरून जाताना पाहतच ही मुले वाढली. म्हणून ‘हे आपल्याला जमेल का?’ असे ती सहज विचारतात. पालकांना नेमकी याच प्रश्नाची धास्ती वाटते. दोघांच्याही उपयोगी पडावे म्हणून या उडीमागील विज्ञान येथे मांडत आहोत.

या पोशाखास विंगसूट म्हणतात. हात व धड यांच्यामध्ये आणि दोन्ही पायांमध्ये कापडाचे पडदे शिवलेले असतात. त्यांच्या तोंडांतून हवा आत शिरली की ते फुगून ताठ होतात. उडती खार एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाते, तेच हे तत्त्व. साध्या उडीत पोटावर पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी सुमारे 200 किलोमीटर होतो. विंगसूटमध्ये खाली येण्याचा वेग ताशी 100 किलोमीटरहून कमी राखता येतो आणि प्रत्येक मीटर उतरताना माणूस दोन-अडीच मीटर पुढे सरकतो. तरीही हे उड्डाण नव्हे, लांबवलेले पडणेच होय. अखेरीस हवाई छत्री उघडावीच लागते. (2012 मध्ये इंग्लंडच्या गॅरी कॉनरी यांनी छत्री न उघडता पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या ढिगावर उतरून दाखविले, परंतु तो अनुकरणाचा विषय नव्हे.) कापडी पंख लावून उडणारे क्लेम सोन 1937 मध्ये फ्रान्समध्ये छत्री न उघडल्याने मृत्युमुखी पडले. आजच्या विंगसूटला आकार देणारे फ्रेंच साहसवीर पात्रिक द गायार्दोन हेही 1998 मध्ये अशाच एका उडीत गेले. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेने विंगसूट घालण्यापूर्वी किमान 200 साध्या उड्यांची अट घातली आहे, ती उगाच नव्हे.

परंतु अतिउंचावरून उडी घेताना पहिली भीती पडण्याची नसते, हवेची असते. सुमारे साडेपाच किलोमीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. कोलंबियाचे जोनाथन फ्लोरेस यांनी एप्रिल 2012 मध्ये कोलंबियातील ला ग्वाहिरावर 37,265 फुटांवरून विंगसूटची उडी घेतली व ते 9 मिनिटे 6 सेकंद हवेत राहिले. तेथे दाब जेमतेम एक-पंचमांश आणि तापमान उणे 50 अंशांच्याही खाली असते. अशा ठिकाणी प्राणवायूचा मुखवटा निसटला तर माणसाची शुद्ध अर्ध्या-एका मिनिटापुरतीच शाबूत राहते. शिवाय दाब कमी होताच रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ लागतात. म्हणून विमान वर चढण्याआधीच शुद्ध प्राणवायू बराच वेळ श्वासावाटे घेऊन तो नायट्रोजन बाहेर काढावा लागतो.

आणखी वर, सुमारे 19 किलोमीटरवर, शरीराच्या तापमानालाच पाणी उकळते. 1960 मध्ये अमेरिकेचे जोसेफ किटिंजर फुग्यातून 31 किलोमीटरवर गेले, तेव्हा उजव्या हातमोज्यातील दाब नाहीसा होऊन त्यांचा हात सुजला. तरीही त्यांनी उडी घेतली. हा धडा वर्गात दाखविता येतो. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये थोडे कढत पाणी घ्यावे, टोक बोटाने घट्ट दाबावे आणि दट्ट्या जोराने मागे ओढावा. विस्तवावाचून पाणी उकळू लागते. पाणी कढत असल्याने हा प्रयोग शिक्षकांनीच करावा.

ज्याची माणसाला इतकी तयारी करावी लागते, ते जन्मतः लाभलेला एक पाहुणा आपल्या इंदापूर तालुक्यात दर हिवाळ्यात येतो. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस उतरतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून येणाऱ्या या जातीचा एक पक्षी 7,290 मीटर उंचीवर असल्याची नोंद संशोधकांनी घेतली आहे. त्याचे रक्त विरळ हवेतूनही प्राणवायू खेचून घेते आणि त्याची फुप्फुसे शरीराच्या मानाने मोठी असतात. आम्हांस विशेष वाटते ते हे की, हा हंस विनाकारण उंच राहत नाही. डोंगर आला की तो चढतो, दरी आली की उतरतो; विरळ हवेत टिकून राहण्यापेक्षा पुन्हा चढणे त्याला स्वस्त पडते.

या विषयात मुले ज्यांचे नाव सर्वांत आधी घेतात, त्या पुण्याच्या पद्मश्री शीतल महाजन. 18 एप्रिल 2004 रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी घेतली. ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी, तीही सरावाच्या उडीशिवाय. मुले नेमके तेवढेच लक्षात ठेवतात. आम्ही पुढचे आकडे फळ्यावर लिहितो. ती पहिली उडी सुमारे 2,400 फुटांवरून होती. डिसेंबर 2006 मध्ये दक्षिण ध्रुवावरची 11,600 फुटांवरून. आणि एव्हरेस्टसमोरची 21,500 फुटांवरून, नोव्हेंबर 2023 मध्ये. दरम्यान साडेएकोणीस वर्षे आणि शेकडो उड्या गेल्या.

ज्या मुलामुलींची ओढ यानंतरही कायम राहील, त्यांना अडवू नये, असे आम्ही पालकांना सुचवितो. सैन्यदलाच्या छत्रीधारी जवानांना आग्रा येथे हवाई दलाच्या प्रशिक्षण शाळेत शिकविले जाते आणि तेथील पहिले धडे जमिनीवरच होतात: पाय जुळवून उतरणे, कोलांटी घेणे, छत्री आवरणे. गणित, विज्ञान आणि पहाटेची धाव यांची तयारी मात्र येथूनच, आठवीपासून सुरू करता येते.