एल्म वृक्षावरील उपचार

एल्म हा युरोप व उत्तर अमेरिकेत आढळणारा उंच, डेरेदार वृक्ष आहे. एका बुरशीमुळे तो वाळतो. या रोगावरील महत्त्वाचे संशोधन १९२० च्या दशकात नेदरलँड्समध्ये झाले. म्हणून त्यास 'डच एल्म रोग' म्हणतात. सालीत राहणारे भुंगेरे ही बुरशी झाडोझाडी नेतात. खोडातील जलवाहिन्या बंद होतात आणि मुळांशी पाणी असूनही शेंडा सुकतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या साथीत ब्रिटनमधील कोट्यवधी एल्म नष्ट झाले.

रोग खोडाच्या आत असल्याने वरून केलेली फवारणी तेथपर्यंत पोहोचत नाही. म्हणून बुंध्याशी लहान छिद्रे पाडून बुरशीनाशक द्रावण दाबाने आत सोडतात. ज्या मार्गाने पाणी वर चढते, त्याच मार्गाने औषधही फांद्यांपर्यंत जाते.

मात्र हा उपाय रोगापूर्वी किंवा अगदी सुरुवातीलाच उपयोगी पडतो. तो दर १ ते ३ वर्षांनी पुन्हा करावा लागतो आणि प्रत्येक छिद्र ही झाडाला झालेली जखमच असते. म्हणून मोजक्या, मोलाच्या वृक्षांनाच औषध देतात. रोगाने पोखरलेली झाडे मात्र वेळीच तोडावी लागतात, तरच शेजारची वाचतात.

पाठगत प्रश्न
१. फवारणी निरुपयोगी का ठरते?
२. सर्वच एल्म वृक्षांना औषध का देत नाहीत?