बर्फातला नाताळ आणि बेथलेहेमचा नाताळ



आगमनकाळ सुरू झाला की दूरचित्रवाणीवर नाताळचे चित्रपट सुरू होतात. पूर्वी एखाद्या इंग्रजी वाहिनीवर एखादा चित्रपट लागत असे. आता ते मोबाइलवरही हवे तेवढे मिळतात. मुले पाहतात, त्यांच्याबरोबर आपणही पाहतो. कथा बहुधा एकच असते. मोठ्या शहरात नोकरी करणारी तरुणी नाताळसाठी आपल्या लहानशा गावी येते. बाहेर बर्फ पडत असतो, घरात केक भाजत असतो. गावात एक भला माणूस भेटतो. दोघांत गैरसमज होतो, २४ डिसेंबरच्या रात्री तो मिटतो, सारे कुटुंब झाडाभोवती जमते आणि आपले डोळे पाणावतात.

डोळे पाणावले यात काही पाप नाही. प्रभू येशूदेखील लाजरसच्या कबरेपाशी रडला (योहान ११:३५). प्रश्न एवढाच आहे की, हे अश्रू आपल्याला कोठे नेतात?

एका खोलीतला प्रसंग

मागे एका वर्षी नाताळची गाणी गात आम्ही चाकणच्या एका चाळीत गेलो होतो. कुटुंब मूळचे श्रीरामपूरकडचे. दहा बाय दहाची खोली, दोन मुले, आणि टीव्हीवर असाच एक चित्रपट चालू. घरधनी एका कारखान्यात कंत्राटी कामगार. चोवीस तारखेला त्याची रात्रपाळी होती, आणि खाडा केला तर पगार कापला जाणार होता. ताईंनी टीव्हीचा आवाज कमी केला, आम्हाला बसायला चटई दिली आणि ओशाळून म्हणाल्या, “आमच्याकडे कसला आलाय नाताळ? टीव्हीत बघतोय तेवढाच.”

आम्ही दोन गाणी म्हटली, प्रार्थना केली, करंजी खाल्ली आणि निघालो. त्यांच्या बोलण्यावर काय उत्तर द्यावे हे तेव्हा आम्हाला सुचले नाही. नंतर वाटले, ज्या कुटुंबाला आपला नाताळ खरा नाही असे वाटते, त्या कुटुंबाकडून त्या चित्रपटाने काहीतरी हिरावून घेतले आहे. आणि ते परत देणे हे आपल्या धर्मग्रामाचे काम आहे.

हे चित्रपट काय गाळतात?

पहिली गोष्ट, पैसा आणि पोट. या चित्रपटांतली माणसे कामावर असतात, पण पगार, भाडे, कर्ज यांचा त्यांना क्वचितच जाच होतो. नायिका शहरातली नोकरी सहज सोडून देते. आपल्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यात अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. रविवारच्या मिस्सेला येण्यासाठीसुद्धा कित्येकांना पाळी बदलून घ्यावी लागते. त्यांना हे जग परके वाटणारच.

दुसरी गोष्ट, दुःखाची खोली. आई वारलेली असते, बाप दुरावलेला असतो, पण दीड तासात सारे भरून निघते. ज्या घरात यंदा एक ताट कमी वाढले जाणार आहे, त्या घराला हे पाहून वाटते की, आपल्यातच काही कमी आहे, म्हणून आपले दुःख सरत नाही.

तिसरी गोष्ट, ज्याचा जन्मदिवस तोच बहुधा नसतो. झाड असते, भेटवस्तू असतात, ‘नाताळचा चमत्कार’ असतो. गव्हाणी मात्र शोधावी लागते.

असे चित्रपट सर्वांत जास्त बनवणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील हॉलमार्क वाहिनी. तिची मूळ कंपनी १९१० साली सुरू झालेली, शुभेच्छापत्रे विकणारी. हे चित्रपट बरेचदा कॅनडात, ऐन उन्हाळ्यात, खोटा बर्फ पसरून चित्रित होतात. शुभेच्छापत्र वाईट नसते, पण शुभेच्छापत्र म्हणजे शुभवर्तमान नव्हे.

भावना आणि किंमत

मग नाताळच्या सगळ्याच कथा टाकाऊ का? तसे नाही. चार्ल्स डिकन्स यांची ‘अ ख्रिसमस कॅरोल’ ही कथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातही डोळ्यांत पाणी येते. परंतु कंजूष स्क्रूजचे हृदय पालटते तेव्हा तो फक्त हसत-रडत बसत नाही. आठवड्याला १५ शिलिंगांवर राबणाऱ्या आपल्या कारकुनाचा तो पगार वाढवतो आणि त्याच्या आजारी मुलाला आधार देतो. पश्चात्ताप पगारपत्रकापर्यंत पोहोचतो!

फ्रँक काप्रा यांचा १९४६ सालचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा चित्रपटही तसाच. नायकाच्या संस्थेचे ८,००० डॉलर गहाळ होतात, तो जीव द्यायला पुलावर जातो. ते पैसे दडवणाऱ्या धनिकाला शेवटपर्यंत शिक्षा होत नाही. घर वाचते ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आपापल्या गाठीचे पैसे आणून ओतल्यामुळे. १९७४ साली त्याच्या हक्कांचे नूतनीकरण राहून गेले, वाहिन्यांना तो फुकट दाखवता येऊ लागला आणि त्यामुळेच तो घराघरांत पोहोचला. या दोन्ही कथांत भावना आहे, पण तिची किंमत कोणीतरी मोजतो. कोरड्या भावुकतेची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही.

शुभवर्तमान काय सांगते?

संत लूकचा दुसरा अध्याय पुन्हा वाचू या. कैसर औगुस्तचा हुकूम सुटतो. दिवस भरत आलेल्या मरियामातेला घेऊन संत योसेफ नावनोंदणीसाठी परगावी जातो. उतरायला जागा नाही. बाळाला गव्हाणीत निजवावे लागते. पहिली बातमी कोणाला कळते? जे रात्रभर उघड्यावर कळप राखत होते त्या मेंढपाळांना, म्हणजे रात्रपाळीवर असलेल्यांना! पुढे संत मत्तय सांगतो की पवित्र कुटुंब इजिप्तला पळाले आणि हेरोदाने बालकांना मारले.

म्हणून पवित्र ख्रिस्तसभा २५ तारखेला पडदा पाडत नाही. २६ तारखेला पहिला रक्तसाक्षी संत स्तेफन, २८ तारखेला निरपराध बालके, अशी आठवण ती करून देते. तिच्या आनंदात दुःखाला जागा आहे, म्हणूनच तो आनंद टिकतो.

आता त्या ताईंना द्यायचे उत्तर आमच्यापाशी आहे. ताई, भाड्याची खोली, गावापासून दूर असलेले घर, कामावर गेलेला घरधनी, यांतले काहीही बेथलेहेमला परके नाही. नाताळ तुमच्याच दाराने आत आला होता.

पण केवळ उत्तर देऊन भागणार नाही. तसे केले तर आपणही एक गोड चित्रपटच दाखवला असे होईल. आम्हीही अनेकदा गव्हाणीवर कापसाचा बर्फ पसरला आहे आणि रात्री कामावर असलेल्यांची चौकशी मात्र केली नाही. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी गव्हाणीचा देखावा उभारला. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच गावी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी गव्हाणीवरील पत्रावर सही केली. घरांबरोबरच कामाच्या ठिकाणी, रुग्णालयांत आणि तुरुंगांतही गव्हाणी मांडावी, असे त्यांनी त्यात सुचवले. आपल्या औद्योगिक पट्ट्याला हे शब्द किती जवळचे आहेत!

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपण पाहिलेल्या नाताळच्या चित्रपटात बाळ येशू होता का? गरीब माणूस होता का?

२. आपल्या गल्लीत २४ तारखेच्या रात्री कोण कामावर असेल? त्यांच्या घरी मुलांजवळ कोण बसेल? त्यांना मिस्सेला कोण सोबत आणेल?

३. आपण कोणाला काम देतो काय? घरकामाच्या मावशी, चालक, मदतनीस यांची सुट्टी आणि पगार यांचा आपण नाताळपूर्वी विचार केला आहे का?

चित्रपट जरूर पाहा. तो संपला की टीव्ही बंद करून मुलांना लूकचा दुसरा अध्याय मोठ्याने वाचायला सांगा. दहा मिनिटे पुरतात. मग करंज्यांचा डबा घेऊन शेजारच्या एका दारावर टकटक करा.