सर्किट बोर्ड कापताना घ्यावयाची दक्षता

विद्युत गिटारच्या स्वरास घोगरा, भरड पोत देणारी ‘फझ’ उपकरणे १९६२ पासून अमेरिकेच्या बाजारात येऊ लागली. १९६६ मध्ये लंडन येथे तयार झालेल्या ‘फझ फेस’ या पेडलमध्ये तर अवघे दोन ट्रान्झिस्टर आणि मोजके इतर भाग होते. एवढी साधी रचना घरी जुळविता येते हे ध्यानात आल्यावर असा छंद देशोदेशी रुजला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून पेडल बनविणारे तरुण आपल्याकडेही आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेतही अशाच बोर्डांवर काम चालते. म्हणून शिक्षकांना हा विषय परका नाही.

सोल्डरिंगच्या चटक्याची धास्ती सर्वांनाच असते. बोर्ड कापताना उडणाऱ्या धुळीकडे मात्र सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि खरा धोका तेथेच आहे.

बोर्ड प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. तपकिरी बोर्ड कागद व फिनॉलिक राळ यांचा असतो. तो स्वस्त, पण ठिसूळ. फिकट हिरवट, अर्धपारदर्शक बोर्ड काचतंतू व इपॉक्सी यांचा असून त्याची नेहमीची जाडी १.६ मिलिमीटर असते. तो करवतीने कापला म्हणजे काचतंतूंचे बारीक कण हवेत उडतात. त्यांमुळे त्वचेस खाज सुटते, डोळे चुरचुरतात, घसा व श्वासमार्ग यांचा दाह होतो. यंत्राच्या फिरत्या पात्याने तर ही धूळ खोलीभर पसरते. अशी यंत्रे विद्यार्थ्यांच्या हाती न देणेच बरे.

त्याऐवजी खाच पाडून मोडण्याची रीत अवलंबावी. पोलादी पट्टी घट्ट धरून टोकदार सुरीने बोर्डाच्या दोन्ही बाजूंस, अगदी समोरासमोर, पुन्हा पुन्हा रेघ ओढावी. खाच पुरेशी खोल झाली, की बोर्ड टेबलाच्या कडेवर ठेवून एका दमात खाली दाबावा. तो सरळ मोडतो व धूळ जवळजवळ होत नाही. घाई केल्यास मात्र तुकडा वेडावाकडा निघतो. करवत वापरणे भागच असेल, तर बारीक दातांची घ्यावी, काप ओला ठेवावा, चष्मा व धूळरोधक मुखपट्टी लावावी. रुमाल पुरत नाही. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने जागा पुसावी; फुंकर तर कधीच मारू नये.

छिद्रांच्या पट्टीबोर्डावर रेघ छिद्रांच्या ओळीवरूनच ओढावी. ती ओळ वाया जाते; मापात तिचा हिशेब आधीच धरावा. पेडलच्या धातूच्या पेटीत झाकणाच्या स्क्रूंसाठी कोपऱ्यांत खांब असतात, तेव्हा त्यांची जागाही सोडावी लागते.

शेवटी कड पाण्यात भिजविलेल्या पॉलिश पेपरवर घासावी. कापलेल्या कडेवर तांब्याचा केसाएवढा तुसा जरी राहिला, तरी शेजारच्या दोन पट्ट्या जोडल्या जातात, किंवा बोर्ड पेटीला टेकून पेडल मुके होते. म्हणून भाग बसविण्यापूर्वीच मल्टिमीटरने प्रत्येक दोन पट्ट्यांमधील जोड तपासून घ्यावा.