कंबरमोडीचा पाला : माझा प्रयोग

ऑक्टोबरात आमच्या द्राक्षबागेत गोडी छाटणी चालू होती. कात्री निसटली आणि वडिलांच्या बोटाला खोल कापले. आजी म्हणाली, "आरं, बांधावरची कंबरमोडी आण. पाला चोळून लावला की रगत थांबतंय." मी पाला आणला. आजीने रस पिळून चोथा बांधला. रक्त थांबले. पण दवाखान्यात सिस्टरबाईंनी आधी तो चोथा धुऊन काढला आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. मग खरे कोणाचे? शाळेत विचारले तर बाई म्हणाल्या, "प्रयोग करून बघ."

ओळख : कंबरमोडीला एकदांडी किंवा दगडी पाला असेही म्हणतात. पाने खरखरीत असतात. लांब दांडीवर एकच फूल येते, मधे पिवळे, कडेने पांढरट. आपल्या सायखेड्यात ती बांधावर, वाटेवर सगळीकडे दिसते. पण ती मूळची अमेरिका खंडातली आहे!

साहित्य : भाकरीचे चार सारखे तुकडे, झाकणाच्या चार वाट्या, पाला, हळद, पाणी.

कृती : प्रत्येक तुकड्यावर एक चमचा टाकले. पहिल्यावर उकळून गार केलेले पाणी, दुसऱ्यावर न धुतलेल्या पाल्याचा कच्चा रस, तिसऱ्यावर धुऊन उकळलेल्या पाल्याचा रस, चौथ्यावर उकळलेले हळदीचे पाणी. झाकून ठेवले आणि रोज पाहिले.

निरीक्षण : कच्च्या रसाच्या तुकड्याला दुसऱ्याच दिवशी बुरशी आली. पाण्याच्या आणि उकळलेल्या रसाच्या तुकड्यांना तिसऱ्या दिवशी, हळदीच्या तुकड्याला चौथ्या दिवशी.

मी हिरमुसलो. आजीचा पाला नापास! पण बाईंनी माझ्या तीन चुका दाखवल्या. भाकरीवर बुरशी येते, जखम मात्र बहुधा जिवाणूंमुळे चिघळते. दुसरे, मी पाला धुतला आणि उकळलाही. फरक कशाने पडला ते कसे कळणार? एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तिसरे, एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावे.

प्रयोगशाळेत कसे करतात? काचेच्या बशीत अगरचा थर देतात. त्यावर जिवाणू पसरून मधे पाल्याचा अर्क घालतात. बशी ३७ अंश सेल्सिअसला साधारण एक दिवस ठेवतात. अर्काभोवती जिवाणू वाढले नाहीत तर मोकळे वर्तुळ दिसते, ते मिलिमीटरमध्ये मोजतात. शेजारी माहितीचे औषध आणि नुसते पाणीही ठेवतात. कंबरमोडीच्या अर्काचे प्रयोग उंदरांच्या जखमांवरही झाले आहेत. पण बशीत किंवा उंदरावर जमले म्हणजे माणसाला चालेलच असे नाही.

हळदीची गोष्टही बाईंनी सांगितली. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. नुसते "आमची आजी लावते" म्हणून भागले नसते. लिहिलेले होते, म्हणून जिंकलो.

अनुमान : आजीचा पाला खोटा ठरला नाही, खराही ठरला नाही. तो अजून तपासायचा आहे. तोवर जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवा. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, म्हणून बांधावरचा पाला उघड्या जखमेवर बांधू नका, दवाखान्यात जा.

पालकांनो, तुमच्या घरी कोणता पाला कशासाठी वापरतात ते आम्हाला सांगा. आम्ही वहीत लिहून ठेवू. आजीची पहिली दहा नावे मी लिहिलीसुद्धा!