एकच भाजी, दोन परिणाम

बंगळूरच्या पूर्वेस, कोलारच्या वाटेवर होसकोटे हे गाव आहे. एके काळी ते शहाजीराजांच्या जहागिरीत मोडत असे. नाचणीचा उंडा आणि पालेभाजीचे सार हे या मुलखातील परिचित जेवण. तेथील एखाद्या घरी दोघे जण एकाच पंक्तीस बसून शेवग्याच्या पाल्याची भाजी सारख्याच प्रमाणात खातात, अशी कल्पना करू. दोघांनाही तीतून सारखेच अ-जीवनसत्त्व मिळेल काय? मिळेलच असे नाही.

वनस्पतींत तयार अ-जीवनसत्त्व नसते. बीटा कॅरोटीन हे त्याचे पूर्वरूप असते. त्यापासून शरीरात अ-जीवनसत्त्व बनते, हे टॉमस मूर यांनी १९३० मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले. लहान आतड्याच्या अस्तरातील एक विकर या रेणूचे मधोमध दोन तुकडे करते आणि त्यांपासून रेटिनॉल, म्हणजेच अ-जीवनसत्त्व, तयार होते. अन्नातील १२ मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीन म्हणजे १ मायक्रोग्रॅम रेटिनॉल, असे प्रमाण अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००१ मध्ये ठरविले. परंतु ही झाली सरासरी.

हे विकर घडविण्याची आज्ञा १६व्या गुणसूत्रावरील एका जनुकात असते. त्या जनुकात अल्पसा फरक असला, तर विकराच्या साखळीतील एखादे ॲमिनो आम्ल बदलते आणि विकर मंदावते. न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये असे दोन फरक वर्णिले. त्यांपैकी एक फरक असलेल्या स्त्रियांत रूपांतर ३२ टक्क्यांनी, तर दोन्ही असलेल्यांत ६९ टक्क्यांनी कमी आढळले.

मांसाहारी मनुष्यास अंडी, यकृत यांतून तयार जीवनसत्त्व मिळते. म्हणून ही उणीव सहसा जाणवत नाही. ज्याची सारी भिस्त भाजीपाल्यावर आहे, त्याला मात्र ती बाधू शकते. तथापि प्रत्येक रातांधळेपणाचा दोष जनुकांवर ढकलू नये. अपुरा आहार, जेवणातील तेलातुपाचा अभाव आणि वारंवार होणारे अतिसार ही कारणे आपल्याकडे अधिक महत्त्वाची आहेत. म्हणूनच भारत सरकारने १९७० मध्ये लहान मुलांना अ-जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देण्याचा कार्यक्रम सुरू केला.

यावरून भाजी निरुपयोगी ठरत नाही. ती शिजवून, थोड्या तेलासह खावी. जोडीला दूध, तूप वा अंडे असावे. रेटिनॉलच्या गोळ्या मात्र वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत. विशेषतः गरोदरपणी त्यांचा अतिरेक गर्भास घातक ठरतो.